यंत्राला ओठ नसतात

रस्त्याकडेला पडलेल्या फिल्टर सिगारेटच्या थोटकाकडे एकदा नीट बघा. हात लावू नका, नुसतं वाकून बघा. ओठांकडच्या टोकाला डाग असतो. काही थोटकांवर तो मधोमध असतो, गडद, वाटोळा, आणि कडेचा भाग पांढराच राहिलेला. काहींचं मात्र अख्खं टोक कडेपर्यंत पिवळं-तपकिरी. ब्रँड तोच, डाग वेगळे. लिन कोझलोव्स्की या संशोधकाने १९८०च्या दशकात लोकांनी फेकलेली थोटकं गोळा करून हे डाग वाचायला घेतले. ‘लाइट’ सिगारेटच्या नावाखाली काय विकलं जातं याचा पुरावा त्यांना त्या कचऱ्यात सापडला.

भानगड अशी आहे. फिल्टरभोवती जो बदामी किंवा पांढरा कागद गुंडाळलेला असतो, त्यावर ओठांकडच्या टोकापासून साधारण सेंटिमीटरभर पुढे बारीक भोकांची एखाद-दुसरी रांग असते. लेसरने किंवा विजेच्या ठिणगीने पाडलेली. चटकन नजरेत भरत नाही. कागद सोडवून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला की ठिपक्यांची ओळ उजळते. झुरका घेतला की जळत्या टोकाकडून धूर येतो आणि त्याच वेळी या भोकांतून बाहेरची हवा आत शिरते. हवा कडेने शिरते म्हणून धूर मधून जातो, आणि डाग मधोमध पडतो. बोटांनी किंवा ओठांनी भोकं बुजली की हवेची वाट बंद. मग धूर फिल्टरभर पसरतो, आणि त्याच्याबरोबर डागही. कडेपर्यंत तपकिरी झालेलं थोटूक म्हणजे भोकं बुजवून ओढलेली सिगारेट. ओढणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. भोकं आहेत हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही भोकं कुणासाठी पाडली? ओढणाऱ्याच्या फुप्फुसासाठी नव्हे. ती एका यंत्रासाठी पाडली.

१९३६ साली अमेरिकन टोबॅको कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी यंत्राकडून सिगारेट कशी ओढवून घ्यायची याची पद्धत छापली. ३५ मिलिलिटरचा झुरका, दोन सेकंदांचा, मिनिटाला एक. पुढे १९६७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने टार आणि निकोटीन मोजायची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा झुरक्याची हीच मापं घेतली. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या म्हणजे आयएसओच्या पद्धतीतही तीच बसली. जगभरच्या पाकिटांवर वर्षानुवर्षं छापले गेलेले टारचे मिलिग्रॅम या यंत्रातून आले आहेत.

आता यंत्राची पकड बघा. त्यात सिगारेटचा ९ मिलिमीटर भाग जातो. भोकं त्याच्या पुढे असतात. म्हणजे यंत्र ओढतं तेव्हा भोकं सताड उघडी, आणि झुरक्यात धुराबरोबर भरपूर हवा. काही ‘अल्ट्रा लाइट’ सिगारेटींत निम्म्याहून जास्त झुरका नुसत्या हवेचा असतो. यंत्र आकडा देतं, एक मिलिग्रॅम टार. ज्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका तीस वर्षं आधी मिळाली आहे, त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले यात नवल ते काय!

माणूस यंत्रासारखा ओढत नाही. त्याला निकोटीन हवं असतं, मेंदूला सवय झाली असेल तेवढं. झुरका पातळ लागला की तो जोरात ओढतो, लवकर लवकर ओढतो, धूर छातीत खोल घेतो आणि थोडा जास्त वेळ धरून ठेवतो. बोटं आणि ओठ भोकांवर आपोआप जातात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने म्हणूनच वेगळी, कडक पद्धत आणली: ५५ मिलिलिटरचा झुरका, दर अर्ध्या मिनिटाला, आणि सगळी भोकं पूर्ण बुजवून. तीच सिगारेट या पद्धतीने ओढली की पाकिटावरच्या आकड्याचा मागमूस उरत नाही. ‘लाइट’ आणि ‘कडक’ यांच्यातलं अंतर झपाट्याने मिटतं.

कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल. त्याला बार्कलेची गोष्ट सांगावी. १९८०च्या सुमारास ब्राउन अँड विल्यमसनने बार्कले नावाची सिगारेट बाजारात आणली. जाहिरात होती ९९ टक्के टारमुक्त, आणि आकडा एक मिलिग्रॅम. तिच्या फिल्टरला भोकांबरोबर लांब खाचा होत्या, त्यांतून हवा थेट तोंडात जायची. यंत्राच्या पकडीत त्या खाचा शाबूत राहायच्या, माणसाच्या ओठांत दबून बंद व्हायच्या. याची तक्रार सरकारकडे कुणी केली? कर्करोगतज्ज्ञांनी नाही. बाजार हातचा जाताना दिसला म्हणून प्रतिस्पर्धी सिगारेट कंपन्यांनी. ओठ फिल्टर दाबतात, हवा अडते आणि यंत्राचा आकडा खोटा ठरतो हे त्यांनी पुराव्यानिशी सरकारला समजावून दिलं. फेडरल ट्रेड कमिशनने १९८२ साली मान्य केलं की बार्कलेचं टार एक नाही, तीन ते सात मिलिग्रॅमच्या घरात आहे. म्हणजे ओठ आणि यंत्र यांतला फरक ही मंडळी पूर्ण जाणून होती. दुसऱ्याच्या सिगारेटबद्दल बोलताना जाणून होती, स्वतःच्या सिगारेटबद्दल गप्प होती.

ही चूक नव्हे, हा डाव आहे, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या पाठीशी एक निकालपत्र आहे. १७ ऑगस्ट २००६ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी अमेरिकन सरकारने मोठ्या सिगारेट कंपन्यांवर भरलेल्या खटल्याचा निकाल दिला. दीड हजारांवर पानं. संघटित गुन्हेगारीला आळा घालणाऱ्या कायद्याखाली कंपन्या दोषी ठरल्या. ‘लाइट’ आणि ‘लो टार’ सिगारेटी कमी घातक नाहीत हे माहीत असूनही त्या तशा विकल्या, सोडू पाहणाऱ्यांना धरून ठेवलं, असं त्या निकालात नोंदवलं आहे. खुद्द फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली आपल्या जुन्या पद्धतीच्या आकड्यांवरून पाठिंबा काढून घेतला.

इथवर गोष्ट फसव्या आकड्यांची झाली. पण मला खरा राग आहे तो पुढच्या भागाचा. भोकांनी नुसता आकडा बदलत नाही, धूरच बदलतो.

सिगारेटला आपण कागदात गुंडाळलेली तंबाखू समजतो. ती एक छोटी भट्टी आहे. झुरका घेताना निखाऱ्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं. निखाऱ्याच्या लगेच मागे एक पट्टा असतो, तिथे साधारण २०० ते ६०० अंश उष्णता असते पण ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे तंबाखू जळत नाही, भाजून फुटते, तिची वाफ होते. धुरातले बहुतेक पदार्थ याच पट्ट्यात जन्माला येतात. धुरात सात हजारांवर रसायनं मोजली गेली आहेत, त्यांतली सुमारे सत्तर कर्करोग घडवणारी. ती सगळीच्या सगळी तंबाखूच्या पानात बसलेली नसतात. किती हवा निखाऱ्यातून गेली, कागद किती सच्छिद्र, तंबाखू किती दाबून भरली, तिच्यात काय मिसळलं, यावर ती ठरतात. म्हणजेच ती कारखान्यात ठरतात.

फिल्टरला भोकं पाडली की झुरक्यातली बरीचशी हवा बाजूने येते, म्हणजे निखाऱ्यातून कमी हवा जाते. जळणं मंदावतं आणि अपुरं होतं. एका सिगारेटमागे झुरके वाढतात. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पीटर शील्ड्स यांच्या गटाने २०१७ साली भोकांवरचं आजवरचं संशोधन एकत्र तपासलं. भोकांमुळे ज्वलन बदलून घातक पदार्थ वाढतात, ओढणाऱ्याला हवा तेवढा धूर ओढून घ्यायची मोकळीक मिळते, आणि धोका कमी असल्याचा भ्रम होतो, असं त्यांनी लिहिलं. पाठोपाठ मागणी केली की सरकारने भोकांचं नियमन करावं, अगदी बंदीपर्यंत जावं.

भ्रम नुसता पाकिटावरच्या नावाचा नाही, घशातला आहे. हवा मिसळलेला धूर घशाला सौम्य लागतो, ठसका कमी येतो. ठसका म्हणजे शरीराने केलेली मनाई. ती मनाई भोकांनी काढून टाकली आणि धुराला फुप्फुसाच्या तळापर्यंत रस्ता मोकळा करून दिला.

त्याचा परिणाम कर्करोगाच्या जातीत दिसला. पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांत मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरात होणारा स्क्वेमस सेल कर्करोग जास्त असे. नंतर फुप्फुसाच्या कडेच्या, बारीक फांद्यांकडच्या भागात होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा वाढत गेला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ सालच्या अहवालाने निःसंदिग्ध शब्दांत निष्कर्ष काढला: धूम्रपान करणाऱ्यांत अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा वाढलेला धोका हा १९५०च्या दशकापासून सिगारेटच्या रचनेत आणि मिश्रणात झालेल्या बदलांचा परिणाम आहे. त्यांत भोकांचा वाटा किती आणि मिश्रणाचा किती, हे अहवालाने वेगळं करून सांगितलेलं नाही. संशय मात्र दोघांवरही आहे. सुधारलेली म्हणून विकलेली सिगारेट आधीच्या सिगारेटपेक्षा घातक निघाली, ही या सगळ्यातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

मिश्रणाची गोष्टही याच वळणाची. डिट्रिख हॉफमन यांनी अमेरिकेत अनेक दशकं सिगारेटच्या धुराचं पृथक्करण केलं. १९५०च्या दशकानंतर धुरातलं बेंझोपायरीन कमी होत गेलं. ते कर्करोगकारक, म्हणजे बातमी चांगली. पण त्याच काळात एनएनके नावाचं नायट्रोसामाइन वाढत गेलं. तेही कर्करोगकारक, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत ते नेमका फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा घडवतं. कारण एकच होतं. कंपन्यांनी मिश्रणात बर्ली जातीची तंबाखू आणि देठ-चुऱ्याचा लगदा करून बनवलेले तंबाखूचे कागद वाढवले. त्यांत नायट्रेट जास्त. नायट्रेटने ज्वलन सुधारतं म्हणून बेंझोपायरीन घटतं, आणि त्याच नायट्रेटमुळे नायट्रोसामाइन वाढतात. एक विष कमी केलं म्हणून सांगायचं आणि दुसरं किती वाढलं ते सांगायचं नाही. टारच्या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. टार म्हणजे धुरातल्या चिकट कणांचं वजन, त्यातही पाणी आणि निकोटीन वजा करून. वजन सांगितलं, विष कोणतं ते सांगितलं नाही. कार्बन मोनॉक्साइड तर वायू; तो टारमध्ये धरलाच जात नाही आणि नेहमीच्या अ‍ॅसिटेट फिल्टरला अडतही नाही.

निकोटीनचंही तसंच. तंबाखूत अमोनियाची संयुगं मिसळली की धुराचा आम्लपणा कमी होतो आणि निकोटीनचा मोठा वाटा मोकळ्या रूपात येतो. मोकळं निकोटीन चटकन जाणवतं. १९७०च्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे शास्त्रज्ञ प्रतिस्पर्धी मार्लबोरोचा खप का वाढतोय याचा माग काढत होते, तेव्हा त्यांनी धुराच्या पीएचकडे बोट दाखवलं. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद उघड झाले म्हणून हे जगाला समजलं. मिलिग्रॅम तेवढेच, तडाखा जास्त. यंत्राला तडाखा कळत नाही.

कागदाचंही गणित आहे. त्यात सायट्रेटचे क्षार घातले की सिगारेट झुरका न घेताही जळत राहते. दोन झुरक्यांच्या मधला तो धूर कमी तापमानाला होतो, आणि त्यात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोसामाइन यांचं प्रमाण ओढलेल्या धुरापेक्षा जास्त असतं. शेजारी बसलेल्या बायकोपोरांच्या वाट्याला तो येतो. कागद बदलता येतो, हेही आता सिद्ध आहे: आगी लागू नयेत म्हणून न्यूयॉर्क राज्याने २००४ साली आणि युरोपीय संघाने २०११ साली आपोआप विझणारी सिगारेट सक्तीची केली. कंपन्यांनी त्यासाठी आडवे पट्टे असलेला कागद वापरला. तेव्हा सिगारेटची रचना कायद्याने बदलता येत नाही हे रडगाणं कुणी गाऊ नये.

फिल्टरचा इतिहास लांबवत नाही, दोनच गोष्टी सांगतो. १९५०च्या दशकात सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध छापून आल्यावर लोक घाबरले, आणि कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. १९५२ साली आलेल्या केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये क्रोसिडोलाइट होतं, म्हणजे निळं अ‍ॅस्बेस्टॉस. आरोग्याची काळजी म्हणून लोकांनी ते चार वर्षं ओढलं. दुसरी गोष्ट १९५३ सालची. रेनॉल्ड्सचे रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांनी सुचवलं की धूर लागताच रंग बदलणारा पदार्थ फिल्टरमध्ये घालावा. गाळण्याची क्षमता त्याने वाढणार नव्हती. पांढरा फिल्टर तपकिरी झालेला पाहून ओढणाऱ्याला बरं वाटावं, एवढाच हेतू होता.

आता युरोपकडे या, कारण तिथली लढाई ताजी आहे. युरोपीय संघात सिगारेटला कमाल मर्यादा आहेत: टार १० मिलिग्रॅम, निकोटीन १, कार्बन मोनॉक्साइड १०. मोजायचं आयएसओच्या यंत्रावर, भोकं उघडी ठेवून. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१८ साली बाजारातल्या शंभर सिगारेटी भोकं बुजवून मोजल्या. टार किमान दुप्पट निघालं, एका सिगारेटमध्ये २६ पट. डिझेल गाड्यांच्या धूर-तपासणीतली लबाडी तीन वर्षांपूर्वीच उघड झाली होती, त्यामुळे डच लोकांना या प्रकाराची ओळख लगेच पटली. तिथल्या तंबाखूविरोधी संस्था आणि डॉक्टर कोर्टात गेले. म्हणाले, माणूस ओढतो तसं मोजलं तर या सिगारेटी कायद्याने विकताच येणार नाहीत. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला. आयएसओची मोजणीची मानकं संघाच्या अधिकृत राजपत्रात प्रसिद्धच केलेली नाहीत, त्यामुळे ती सामान्य नागरिकांवर बंधनकारक धरता येत नाहीत. ज्या मोजपट्टीवर कोट्यवधी लोकांचं आरोग्य तोललं जातं ती मोजपट्टी नागरिकाला वाचायची तर विकत घ्यावी लागते. सरकारने ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्या उद्योगाचे प्रतिनिधी ती मानकं घडवणाऱ्या समित्यांत बसतात. ज्याचं मोजायचं त्यानेच मोजपट्टी घडवण्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

आणि आपण? आपल्याकडे ओढणाऱ्यांत सिगारेटपेक्षा विडीवाले जास्त. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांत विडी ७.७ टक्के, सिगारेट ४ टक्के. विडीला फिल्टर नाही, भोकं नाहीत, प्रयोगशाळेत घडवलेलं मिश्रण नाही, मग ती तरी बरी, असं गावोगाव ऐकू येतं. पानाची आहे, नैसर्गिक आहे, असं म्हणतात. हे साफ खोटं आहे, आणि तेही रचनेमुळेच. विडीचं वेष्टण टेंभुर्णीचं पान. ते कागदासारखं सच्छिद्र नाही आणि नीट जळतही नाही. त्यामुळे विडी ठेवली की विझते. ती जिवंत ठेवायची तर सारखे, जोरात झुरके मारावे लागतात. हवा आत झिरपत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड बाहेर जात नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतले एल. डी. संघवी यांनी हॉफमन आणि त्यांचे सहकारी वाइंडर यांच्यासोबत १९७४ साली भारतीय विडी आणि अमेरिकन सिगारेट यांच्या धुराची तुलना प्रसिद्ध केली. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी असते. तरीही तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, फिनॉल आणि बेंझोपायरीन जास्त निघाले. पन्नास वर्षं झाली. गडचिरोली-गोंदियात पान तोडणाऱ्या आणि सोलापूर-सिन्नरला विड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. त्या पानाच्या धुरावर मात्र कुणी बोलत नाही.

सिगारेटच्या बाबतीत आपला कायदा एका खड्ड्याच्या काठावर उभा आहे. २००३ च्या तंबाखू कायद्याच्या सातव्या कलमात तरतूद आहे की प्रत्येक पाकिटावर निकोटीन आणि टारचं प्रमाण छापावं आणि त्याला कमाल मर्यादा असावी. ते आकडे आपल्या पाकिटांवर आजही दिसत नाहीत. ग्राहकाला माहितीचा हक्क हवा, म्हणून ते छापा, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मागणी चुकीची आहे. आकडा छापला की तो कुठल्या यंत्राचा, भोकं उघडी की बंद, हे टपरीवर कुणी विचारणार नाही. ‘याच्यात टार कमी आहे’ एवढंच ऐकू येईल, आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत लोक सोडण्याऐवजी कमी आकड्याच्या सिगारेटीकडे वळले, तेच इथे पुन्हा होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात भारत सहभागी आहे. त्या कराराच्या अकराव्या कलमाची २००८ सालची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात की टार-निकोटीनचे आकडे पाकिटावर छापायला लावू नका. युरोपने २०१४ च्या निर्देशाने ते पाकिटावरून काढून टाकले. जगाने फेकून दिलेलं आपण उचलून आणायचं कारण नाही.

शिवाय पाकीट बघतो कोण? महाराष्ट्रात सुटी सिगारेट-विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. कुठल्याही कॉलेजबाहेरच्या टपरीवर जा आणि ही बंदी कशी पाळली जाते ते डोळ्यांनी बघा. बरणीतून किंवा उघड्या पाकिटातून एकच काढून हातात दिली जाते. पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं चित्र त्या पोराला दिसतच नाही, तर मिलिग्रॅमचा बारीक आकडा काय दिसणार! त्याला दिसतो तो पांढरा, बारीक फिल्टर, आणि घशाला लागतो तो सौम्य धूर. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला असता तर कदाचित त्याने ती विझवली असती. भोकांनी ती संधी त्याच्याकडून काढून घेतली.

म्हणून माझी मागणी आकड्यांची नाही. भोकं बंद करा. फिल्टरच्या कागदाला एकही छिद्र असता कामा नये, एवढा एका ओळीचा नियम पुरेसा आहे. तपासायला सोपा: महागडं यंत्र नको, भिंग आणि दिवा पुरे. कंपन्या म्हणतील की भोकं काढली तर धूर कडक होईल. होऊ दे. तो कडकच आहे. आज तो लपवलेला आहे एवढंच. सरकारच्या तंबाखू तपासणी प्रयोगशाळा झाल्या आहेत, त्यांतली एक मुंबईत आहे. तिथे सिगारेट मोजायचीच असेल तर भोकं बुजवून मोजा, नायट्रोसामाइन मोजा, विडीही मोजा, आणि ते आकडे कायदा करणाऱ्यांना द्या. पाकिटावर नकोत.

आणि तुम्ही, जे कडक सोडून ‘लाइट’वर आला आहात आणि निम्मं सोडलं असं घरी सांगता, त्यांना एवढंच सांगायचं आहे. तुम्ही काहीही सोडलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की गेल्या पन्नास वर्षांत सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांनी लोकांच्या आरोग्याचा काही फायदा झाल्याचं दिसत नाही. सौम्य सिगारेट ही सोडण्याची पायरी नाही. तुमच्यासारख्या सोडू पाहणाऱ्या माणसाला थांबवून ठेवायला ती बनवली आहे. सोडायची असेल तर पूर्ण सोडा. एकट्याने जमत नसेल तर सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. नंबर पाकिटावरच छापलेला असतो. सुटी घेत असाल तर इथून उतरवून घ्या: १८००-११-२३५६.